एकाच सकाळचे दोन खटले

तुम्हाला जाऊन तीन दिवस झाले होते तेव्हा फाटकाशी जीप थांबली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तुमचं दुःख कुठल्या कुठे गेलं. नुसती भीती उरली. इतकी वर्षं झाली, तरी दारात जीप थांबली की माझा हात आधी कडीकडे जातो.

नेताजी आले होते. सांत्वनाला. सगळा जिल्हा त्यांना नेताजी म्हणतो, तुम्ही मात्र घरात त्यांचं नाव काढत नव्हतात. हात जोडून आत आले, तुमच्या फोटोला हार घातला आणि माझ्या भावाला म्हणाले, "वकील साहेब म्हणजे सच्चा आदमी. असे लोक आता भेटत नाही." माझा भाऊ करडी गावचा, धान पिकवणारा साधा माणूस. तो भारावून गेला. मी भिंतीला टेकून बसले होते. नेताजींच्या मागे मनोहर उभा होता, त्यांचा माणूस. केस पिकलेत त्याचे. आवाज मात्र तोच, हळू आणि अदबीचा. निघताना तो माझ्यापुढे वाकला आणि म्हणाला, "मॅडम, पोरगी आता नागपूरलेच असते ना? होस्टेलात?"

मी "हो" म्हणाले.

पुन्हा एकदा मी त्याला उत्तर दिलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आपली नंदाही काल कॉलेजला परत गेली. घरात मी एकटी आहे. जे मला तुम्हाला सात वर्षांत तोंडानं सांगता आलं नाही ते लिहायला बसले आहे.

सुरुवात तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी लिहिते, कारण तिच्यावरूनच आपण भांडलो. आणीबाणी उठून दोन पावसाळे झाले होते. माझ्या माहेरच्या पलीकडच्या गावात तलावाच्या पाण्यावरून ते प्रकरण झालं. आश्विन होता, धान पोटरीत आलं होतं, त्याला शेवटचं पाणी हवं होतं. नेताजींच्या पुतण्यानं तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, बंद करून ठेवलं होतं. त्याचं शेत भिजल्याशिवाय ते उघडायचं नाही म्हणून. सकाळी गावातली माणसं ते उघडायला तलावाच्या बांधावर, पाळीवर गेली. मारामारी झाली. पुतण्यानं कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, गावातल्या डोमाजीच्या डोक्यात घातला, डोमाजी तिथेच गेला. मग गावकऱ्यांनी पुतण्याच्या एका गड्याला धरलं आणि त्याचा हात मोडला.

पोलिसांनी दोन खटले केले. एक पुतण्यावर, डोमाजीच्या मरणाचा. दुसरा चार गावकऱ्यांवर, दंगल आणि हात मोडल्याचा. सरकारी वकील म्हणून दोन्ही खटले तुमच्याच हाती आले.

मग वरून ते पत्र आलं. व्यापक जनहितासाठी पुतण्यावरचा खटला मागे घेण्यात यावा. तुम्ही ते मला वाचून दाखवलंत. संध्याकाळी मी पोरांच्या वह्या तपासायची आणि तुम्ही तुमचे मुद्दे मला ऐकवायचे, तसंच. मी लाल शाई बाजूला ठेवली.

"मग करा ना सही," मी म्हणाले.

"हा हुकूम नाही. सरकार सांगू शकते, पण खटला मागे घ्यायचा अर्ज सरकारी वकिलानं स्वतः विचार करून द्यायचा, असं कायद्यात लिहून हाये. मी विचार केला. मी देत नाही."

"आणि दुसरा खटला? तोही मागे घ्या म्हणून लिहिलंय का?"

"त्याचं नाव बी नाही पत्रात." तुम्ही हसलात, पण ते हसू चांगलं नव्हतं. "जनहित एकाच खटल्यात हाये म्हणते."

मी चिडले. तुमची मुदत संपत आली होती, ती वाढवून देणारे नेताजीच. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेची, उद्या मला कुठल्या टोकाच्या गावी टाकायचं हे ठरवणारेही तेच. आपल्याला एकच लेकरू. मी हे सगळं बोलले. म्हणाले, "तुमची एक सही, नि आपण मोकळे. डोमाजी काय परत येणार आहे?" तुम्ही फाईल बांधून ठेवलीत. त्यानंतर दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही शिंगाडे घेऊन आलात आणि सोलून एकेक माझ्या ताटात टाकत बसलात. मी खाल्ले. ते भांडण तिथेच राहिलं, संपलं नाही. मला अजूनही वाटतं की सही करायला हवी होती. आणि अजूनही मला अभिमान वाटतो की तुम्ही ती केली नाहीत. ही दोन्ही वाटणं मी कधी जुळवू शकले नाही.

परवा शोकसभेत सगळे म्हणाले, तुम्ही निडर होता. मी खाली मान घालून ऐकत होते. तुम्ही निडर नव्हतात हो. त्या पत्राला नकार लिहून दिलात त्या सकाळी तुम्हाला दोनदा उलटी झाली. काळ्या कोटाच्या गुंड्या लावता येईनात इतके हात कापत होते. मी लावून दिल्या. तुम्ही म्हणालात, "कोणाले सांगजो नको." मी आजवर सांगितलं नाही. तुमच्याएवढा घाबरलेला माणूस पायऱ्या उतरून, सायकलवर बसून कोर्टात गेला, हे मी पाहिलं आहे. त्यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले.

सही नाही म्हटल्यावर खटला उभा राहिला, आणि तो उभा होता भागरतेवर. भागरता त्या सकाळी पाळीवर गवत कापत होती. बाकीचे साक्षीदार एक तर मारामारीत होते, नाही तर पुतण्याचे गडी. कोणत्याच बाजूची नसलेली अशी ती एकटी. जबानी नीट समजून घ्यायला तुम्ही तिला बोलावलंत तेव्हा ती आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उकिडवी बसून भात जेवली होती. मी तिला विचारलं, "भेव नाही वाटत काय गं?"

"वाटते ना, बाई. पण मी पायलं तं पायलं. आता डोये कुठं नेऊ?"

गावात तिला लोक येऊन सतवू लागले, तेव्हा तुम्ही तिला सुनावणीपर्यंत भावाकडे बपेऱ्याला जाऊन राहा म्हणालात. पार सीमेवरचं गाव, तिकडे कोणी शोधणार नाही. समन्स पोचवायचं म्हणून तुमच्या मुन्शीला, शालिकला, ते ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक होतं. आणि मी पुढच्या खोलीत चहा आणून ठेवत होते म्हणून मला.

आता ते लिहिते.

मधली सुट्टी होती. मी वर्गात एकटी डबा खात होते. दारात चपला काढून एक माणूस आत आला, नमस्कार केला, पोरांच्या बाकावर अंग चोरून बसला. मनोहर. त्यानं मला धमकी दिली नाही. तुम्ही धमकीचा गुन्हा लावायचा म्हटला असता तरी लावता आला नसता, इतकं गोड बोलला. शाळेची कौलं बदलायला झाली म्हणाला, नेताजींना सांगतो म्हणाला. मग म्हणाला, "नंदा पाचवीत ना? हुशार पोरगी. नाल्याच्या बाजूनं एकटीच येते. चप्पल तुटली होती तिची काल, हातात धरून चालली होती."

नंदाची चप्पल आदल्या दिवशी तुटली होती. मलाच फक्त माहीत होतं.

"मॅडम, ती भागरता कुठं असते? काई करणार नाही आम्ही. दोन शब्द समजावून सांगाचे हाये फक्त."

मी म्हणाले, "बपेऱ्याला."

एक शब्द. मी रडले नाही, हातापाया पडले नाही, त्यानं दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. माझ्या तोंडात घास होता. तो उठला, पुन्हा नमस्कार केला, चपला घातल्या. मी डब्याचं झाकण लावलं आणि घंटा झाल्यावर पोरांना भागाकार शिकवला. संध्याकाळी घरी आले तेव्हा नंदा ओसरीत खेळत होती. तिला मी इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. तुम्ही विचारलंत, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, डोकं दुखून राहिलं."

पंधरा दिवसांनी सुनावणी लागली. तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हा तुमचा चेहरा राखेसारखा होता. भागरता पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मी गवत कापत होती. माही मान खाली होती. मले काई दिसलं नाही." तुम्ही तिला फितूर म्हणून उलट विचारलं, तिची जबानी वाचून दाखवली. प्रत्येक प्रश्नाला तिचं एकच उत्तर. माही मान खाली होती. पुतण्या सुटला.

तिला बपेऱ्याला काय सांगितलं, काय दाखवलं, कोणाचं नाव घेतलं, मला माहीत नाही. तिच्या भावाची दोन लहान लेकरं होती त्या घरात. बाकी मी मनातल्या मनात रोज वेगवेगळं रचत राहिले. कधी तिच्या गळ्यावर हात असायचा, कधी नुसता तसाच अदबीचा नमस्कार. मला नमस्काराचीच जास्त भीती वाटायची.

महिन्यानं दुसऱ्या खटल्याचा निकाल लागला. चौघेही दोषी. त्या दिवशीचं तुम्ही मला तीन-चार वेळा तरी सांगितलं असेल, प्रत्येक वेळी जेवण अर्धवट टाकून. न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, शिक्षेबद्दल सरकारचं काय म्हणणं आहे? तुम्ही कडक शिक्षा मागावी अशी अपेक्षा होती. नेताजी मागच्या बाकावर बसले होते. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "त्याच सकाळी, त्याच पाळीवर माणूस मेला, त्याबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नाही. या चौघांची शिक्षा ठरवताना कोर्टानं एवढं ध्यानात घ्यावं. सरकारला जास्त काही म्हणायचं नाही."

चौघांना पाच-पाच वर्षं सक्तमजुरी झाली. त्यातला एक डोमाजीचा सख्खा भाऊ.

"ज्याचा भाऊ मेला तो आत," तुम्ही म्हणालात, "नं ज्यानं मारला तो बाहेर. नं दोन्ही फायलीवर सही माही." मग मला म्हणालात, "न्यायाधीशाचं बी काय चुकलं? त्याच्यापुढं जे आलं त्यावर तो बोलला. आपण त्याच्यापुढं काय आणलं?" मी भांडी घासत होते. पाणी जोरात सोडलं, म्हणजे तुम्ही पुढचं बोलू नये.

तुमची मुदत वाढवली नाही. खुर्ची गेली तसे पक्षकारही गेले, कारण ज्याच्यावर नेताजींची मर्जी नाही त्याच्याकडे वकीलपत्र कोण देणार? हे सगळं तुम्ही सोसलंत. चौघांची उच्च न्यायालयातली अपील कोणीतरी चालवावी म्हणून नागपूरला चकरा मारल्यात. तिथे शिक्षा कमी झाली, ते लवकर सुटून आले. पण एक प्रश्न तुम्हाला सोडेना. बपेऱ्याचं कोणी सांगितलं?

आणि एका सकाळी तुम्ही शालिकला पुढच्या खोलीत उभं केलंत. अकरा वर्षं तुमच्याकडे असलेला मुन्शी. तुमच्या फायली डोळे मिटून काढून देणारा, नंदाला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवणारा. मी आतल्या दाराशी होते.

"तिघाले मालूम होतं, शालिक," तुम्ही म्हणालात. "मी सांगतलं नाही. माही बायको सांगणार नाही. मंग कोण राहते?"

शालिकनं हातातली फाईल टेबलावर ठेवली. तुम्ही पुन्हा विचारलंत. तो म्हणाला, "मी नाई सांगतलं, सायेब."

"उद्यापासून येऊ नको."

"बरं, सायेब."

एवढाच खटला. साक्ष नाही, पुरावा नाही, त्याचं म्हणणं दोन वाक्यांत संपलं. ऐकून घेतल्याशिवाय कोणालाही शिक्षा करू नये, हे आयुष्यभर लोकांना सांगणारे तुम्ही, आणि तो निकाल तुम्ही उभ्याउभ्या दिलात. गावात पसरायला वेळ लागला नाही, की शालिक विकला गेला. मी दाराशी होते. तीन पावलं पुढे आले असते तर तो वाचला असता. पण मला मनोहरपेक्षाही त्या वेळी तुमची भीती वाटली. तुम्ही माझ्याकडे कसे बघाल याची. "माही बायको सांगणार नाही," हे तुम्ही ज्या आवाजात म्हणालात तो आवाज मला पुन्हा कधीच ऐकू आला नसता.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकदा डोळे उघडून म्हणालात, "शालिक नसेल." मी चमच्यात औषध ओतत होते. तुम्ही म्हणालात, "मी घाई केली. नसेल तो." खोलीत आपण दोघंच होतो. बोलायला यापेक्षा चांगली वेळ कधी मिळणार होती? मी म्हणाले, "औषध घ्या." तुम्ही शहाण्या मुलासारखं तोंड उघडलंत.

तेरवीला शालिक आला होता. फाटकाच्या बाहेरच उभा राहिला, जेवायला बसला नाही. मी बाहेर जाईपर्यंत निघून गेला होता. काल नंदाला गाडीत बसवलं आणि मी परस्पर तुमसरची बस धरली. तो आता तिथे लोकांचे अर्ज लिहून देतो. घर विचारत विचारत गेले. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी पेला हातात धरून बसले, प्यायलं जाईना. बाहेर एक जीप गेली तर पाणी माझ्या पदरावर सांडलं. शालिकनं उठून दार लोटलं.

मी त्याला सांगितलं. सगळं, चप्पल सुद्धा. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मले मालूम हाये, बाई."

मला कळेना.

"त्या दिवशी मी साळेतच येऊन राहिलो होतो. सायबानं घराची चाबी मांगाले धाडलं होतं. मनोहर तुमच्या वर्गातून निंगताना पायला मी. मंग भागरता फिरली, तवाच समजलं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस? तुला काढलं, तू 'बरं सायेब' म्हणालास!"

त्यानं लोटलेल्या दाराला कडी घातली. "मले सायबानं काढलं तं मले दुसरं काम भेटलं. तुमाले काढून सायेब कुठं जातील? त्याईच्या मांगं घरातलं एक मानूस तं पाह्यजे ना."

मी रडायला लागले. मला वाटलं, आता तो म्हणेल, जाऊ द्या बाई, झालं ते झालं. तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, "माहा बाप मरेलोक मले इचारत होता, शालिक, तू खरंच बेइमानी केली काय रे? मी नाई म्हनलं. पन त्याले पटलं नाई. तो तसाच गेला. त्याचं काय करता, बाई?"

मी पेला खाली ठेवला. मग विचारलं, भागरता कुठे असते? सुनावणीनंतर ती गावी आलीच नाही, भावाकडेच राहिली, असं तो म्हणाला. मला तिथे घेऊन चलशील का, म्हणाले. त्याच्या बायकोनं आतून "नका जाऊ" म्हटलं, तिला मनोहर ठाऊक होता. शालिक तिला काही बोलला नाही. मला म्हणाला, "रविवारी सकाळी येजा. पहिल्या बसनं."

उद्या रविवार आहे. मी नंदाला पत्र लिहिलं आहे, काही दिवस होस्टेलच्या बाहेर एकटी जाऊ नको म्हणून, आणि कारणही लिहिलं आहे. दुपारी ते पोस्टात टाकून आले. भागरतेपुढे उभी राहून काय बोलायचं ते ठरत नाही. ती मला घरात घेईल की दारातूनच परत पाठवेल, तेही माहीत नाही. परत पाठवलं तरी तिचं चुकणार नाही.

तुम्ही असता तर आधी तुम्हालाच सगळं सांगितलं असतं, असं लिहून हे संपवणार होते. वाक्य लिहिलंही होतं, मग खोडलं. तुम्ही असता, तर मी आजही गप्पच राहिले असते.